समकालीन फिलिपिनो साहित्यातील नवे प्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिनो साहित्य म्हणजे नेमके कोणत्या भाषेतले साहित्य?

हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, कारण तिथे जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या प्रकाराच्या मुळाशी भाषेचाच पेच आहे. ७,६४१ बेटांच्या या देशात दीडशेहून अधिक भाषा नांदतात. १९८७ च्या राज्यघटनेने ‘फिलिपिनो’ ही राष्ट्रभाषा ठरवली. तिचा पाया मनिला आणि भोवतालच्या प्रांतांत बोलल्या जाणाऱ्या तागालोगचा आहे, आणि राजभाषा म्हणून तिच्या जोडीला इंग्रजी आहे. त्याआधी तीनशेहून अधिक वर्षे स्पॅनिश राजवट होती. ज्यांच्या दोन कादंबऱ्यांना तिथे राष्ट्रग्रंथाचा मान आहे, त्या होसे रिसाल यांनी त्या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिल्या; पहिली १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली आणि दुसरी १८९१ साली घेंटमध्ये. पुढे अमेरिकन अमलातल्या शाळांनी मुलांना इंग्रजी शिकवले आणि दोन-तीन पिढ्यांत स्पॅनिश वाचणारा वर्ग विरळ होत गेला. आपल्या देशाची सर्वांत महत्त्वाची कादंबरी अनुवादातच वाचायची, ही स्थिती तिथे सर्वमान्य आहे.

या थरांची खूण साध्या शब्दांतही दिसते. तागालोगमध्ये कल्पित लेखनाला ‘काथा’ म्हणतात आणि तो आपलाच संस्कृत ‘कथा’ शब्द आहे. गोष्टीला ‘कुवेंतो’ आणि कादंबरीला ‘नोबेला’ म्हणतात, हे स्पॅनिशमधून आले. अलीकडचे ‘फ्लॅश फिक्शन’, ‘ब्लॉग’, ‘वॉटपॅड’ इंग्रजीमार्गे आले. आज लेखक तागालोग आणि इंग्रजी एकाच वाक्यात मिसळणारी ‘टॅगलिश’ही निःसंकोच वापरतात.

‘नवे प्रकार’ म्हणताना त्यांतले नवे काय असते?

पुष्कळदा प्रकार जुनाच असतो; नवे असते त्याचे माध्यम आणि नवा असतो त्याचा वाचक. या पानावर ज्या प्रकारांची ओळख करून दिली आहे, त्यांतले बहुतेक समीक्षकांच्या किंवा विद्यापीठांच्या आग्रहातून आले नाहीत. वाचक जिथे आधीपासून होता, म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, गल्लीतल्या दुकानात, मोबाइलच्या पडद्यावर, तिथे ते उगवले आणि अभ्यासकांनी त्यांना नाव मागाहून दिले.

तिथल्या शाळांत मात्र वेगळेच चित्र रंगवले जाते. २०१३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर उच्च माध्यमिक स्तरावर ‘एकविसाव्या शतकातील साहित्य’ हा विषय सर्व विद्यार्थ्यांना आला. त्याच्या टिपणांत चित्रकादंबरी, मांगा, डूडल फिक्शन, टेक्स्ट-टॉक कादंबरी, चिक-लिट, सहा शब्दांची कथा, हायपरपोएट्री अशी यादी पाठ करायला दिलेली असते. ही यादी मुख्यतः अमेरिकन पुस्तकविक्रीच्या कप्प्यांवरून उचललेली आहे. उदाहरणेही बरीचशी अमेरिकेचीच असतात. त्यामुळे मुलाने घरी फोनवर कालच वाचलेली गोष्ट कोणत्या परंपरेतली, हे त्याला त्या यादीवरून कळत नाही. पुढची मांडणी म्हणून त्या यादीच्या क्रमाने केलेली नाही.

‘दाग्ली’ म्हणजे काय? ती आणि फ्लॅश फिक्शन एकच का?

‘दाग्ली’ या शब्दाचा अर्थ ‘झटकन, तत्काळ’ असा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, स्पॅनिश गेले होते आणि अमेरिकन नुकतेच आले होते त्या काळात, तागालोग वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत अर्ध्या-एक स्तंभाचे छोटे गद्य तुकडे छापले जात. त्यांत कधी एखाद्या स्त्रीला उद्देशून केलेले प्रेमनिवेदन असे, कधी गावातल्या दांभिक माणसावर कोरडा ओढलेला असे, तर कधी नव्या सत्ताधाऱ्यांविषयीचा रोष असे. गोष्ट, उपदेश आणि वृत्तांत यांच्या सीमा अजून पक्क्या झालेल्या नव्हत्या, म्हणून एकाच तुकड्यात तिन्ही सापडतात. पुढे आधुनिक लघुकथा आली, तिला स्पर्धा आणि बक्षिसे मिळाली, आणि दाग्ली मागे पडली.

तिचे पुनरुज्जीवन दोन बाजूंनी झाले. रोलांदो तोलेंतिनो आणि आरिस्तोतल आतियेन्सा या अभ्यासकांनी १९०३ ते १९३६ या काळातल्या दाग्ली जुन्या नियतकालिकांतून शोधून २००७ साली एका खंडात आणल्या. त्याच सुमारास एरोस आतालिया यांच्यासारखे लेखक नव्या दाग्ली लिहीत होते. २०११ साली त्यांचा शंभर दाग्लींचा संग्रह आला. त्यांच्या दाग्लीत मनिलाचा गरीब माणूस असतो, जीपनी या तिथल्या सार्वजनिक जीपगाडीतला प्रवासी असतो, रुग्णालयाच्या बिलापुढे थिजलेले कुटुंब असते, आणि शेवटच्या ओळीत वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते.

फ्लॅश फिक्शन, म्हणजे अगदी थोडक्या शब्दांतली कथा, हा शब्द इंग्रजीत लिहिणाऱ्या फिलिपिनो लेखकांनीही स्वीकारला आहे आणि त्या नावाने संकलनेही निघाली आहेत. तरी दोहोंना एकच म्हणणे मला पटत नाही. फ्लॅश फिक्शनची ओळख तिच्या शब्दमर्यादेवरून होते. दाग्लीची ओळख तिच्या घाईवरून होते, ‘हे आत्ताच सांगितले पाहिजे’ या निकडीवरून होते. मराठीत गेल्या काही वर्षांत रूढ झालेली ‘अलक’, म्हणजे अतिलघुकथा, वाचणाऱ्यांना हा फरक चटकन उमगेल, कारण अलकमध्येही कलाटणीवर सारा भर देणारी एक तऱ्हा आहे आणि बातमीसारखी घाईने आलेली दुसरी तऱ्हा आहे.

बॉब ओंग कोण आहेत आणि त्यांच्या पुस्तकाचे नाव वाचता का येत नाही?

बॉब ओंग हे टोपणनाव आहे. लेखकाने आपली ओळख कधीही जाहीर केलेली नाही. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याआधीच्या काळात त्यांचे एक संकेतस्थळ होते आणि त्याच बोलक्या शैलीत २००१ साली त्यांचे पहिले पुस्तक आले. त्यात स्वतःच्या शाळेच्या दिवसांच्या आठवणी आहेत, आणि त्या आठवणींतून देशाच्या शिक्षणव्यवस्थेची चिकित्साही आहे.

पुस्तकाच्या नावात ‘ए, बी, एन, के, के, बी, एस, एन, पी, एल, ए’ अशी रोमन अक्षरे सलग येतात आणि शेवटी ‘को’ येते. इंग्रजी पद्धतीने वाचले तर हाती काहीच लागत नाही. पण तिथल्या जुन्या शालेय वर्णमालेत, ‘आबाकादा’त, प्रत्येक व्यंजन आकारासह म्हटले जाते: बा, का, दा, गा. तसे वाचले की अक्षरे बोलू लागतात: ‘आबा, नाकाकाबासा ना पाला आको’, म्हणजे ‘अरेच्चा, मला वाचता येतंय की!’ मराठी वाचकाला यात खास गंमत आहे. आपल्या प्रत्येक व्यंजनात अकार अंगचाच असतो. ती अक्षरे देवनागरीत ‘अबनककबसनपलअको’ अशी लिहिली तर फिलिपिनो भाषेचा गंध नसलेला मराठी माणूसही ते वाक्य जवळपास बरोबर उच्चारील. त्या बेटांची स्पॅनिशपूर्व लिपी, ‘बायबायिन’, ही ब्राह्मीच्याच कुळातली आहे, हेही इथे आठवावे.

हे पुस्तक कोणत्या प्रकारात बसते? आत्मकथन, विनोदी लेख, ब्लॉग या तिन्हींत थोडे थोडे. त्यानंतर बोलीच्या अंगाने जाणाऱ्या, स्वतःविषयी मोकळेपणाने सांगणाऱ्या गद्याची एक लाट आली. ज्यांनी शाळेनंतर पुस्तक हाती धरले नव्हते असे अनेक तरुण या पुस्तकांमुळे वाचू लागले. एखाद्या प्रकाराची याहून मोठी कामगिरी मला सुचत नाही.

मोबाइलच्या संदेशातून कविता खरोखर लिहिली जात होती का?

होय. एकविसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपिन्सला जगाची ‘टेक्स्टिंग’ची राजधानी म्हटले जाई, कारण फोन करण्यापेक्षा संदेश फार स्वस्त पडत असे. त्या काळात तिथल्या राष्ट्रीय संस्कृती आयोगाच्या पुढाकाराने संदेशातून पाठवायच्या कवितांच्या स्पर्धा झाल्या, आणि त्यांसाठी निवडले गेले ते जुने देशी छंद. ‘तानागा’ म्हणजे सात अक्षरांच्या चार ओळी, चारही सयमक. ‘दिओना’ म्हणजे सात अक्षरांच्या तीन ओळी. ‘दालित’ म्हणजे आठ अक्षरांच्या चार ओळी. संदेशाची मर्यादा होती १६० चिन्हांची. तानागात २८ अक्षरे, म्हणजे उच्चारखंड, असतात. रोमन लिपीत लिहूनही ती त्या मर्यादेत आरामात मावतात. स्पॅनिश येण्यापूर्वी तोंडी फिरणारा छंद नोकियाच्या पडद्यावर असा नेमका बसला.

याच सवयीतून पुढे ‘टेक्स्टसेर्ये’ निघाली: दोन पात्रांच्या संदेशांची छायाचित्रे एकामागून एक टाकत सांगितलेली प्रेमकथा. निवेदक नाही, वर्णन नाही. संदेश पोहोचून उत्तर न येणे हाच कथेतला ताण. फेसबुकवर लोकप्रिय झालेल्या अशाच एका मालिकेवर २०१६ साली चित्रपट निघाला.

वॉटपॅडच्या कथा एवढ्या लोकप्रिय का झाल्या? त्यांना साहित्य म्हणावे का?

वॉटपॅड ही कॅनडात २००६ साली सुरू झालेली सेवा आहे. कोणीही त्यावर प्रकरणागणिक गोष्ट लिहू शकते आणि कोणीही ती फुकट वाचू शकते. फिलिपिन्समध्ये ती झपाट्याने पसरली याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुस्तक महाग होते, ग्रंथालय दूर होते आणि फोन हातात होता. शिवाय वॉटपॅडवर वाचक परिच्छेदाच्या शेजारीच प्रतिक्रिया लिहितो, आणि त्यामुळे एकट्याने वाचत असतानाही आपण मैत्रिणींच्या घोळक्यात बसलो आहोत असे वाटते.

या कथांचा आत्मा सांगणारा एक शब्द आहे: ‘किलिग’. प्रेमाच्या प्रसंगी अंगावर उठणारा गोड शहारा म्हणजे किलिग; २०१६ साली हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही गेला. आरंभीच्या कथांचा साचा ठरलेला होता. साधी, गरीब मुलगी, श्रीमंत, उद्धट मुलगा, महागडे विद्यालय, आधी भांडण, मग खोटे नाते, मग खरे प्रेम. २००३ पासून तिथे दूरचित्रवाणीवर गाजलेल्या तैवानी आणि नंतरच्या कोरियन मालिकांची छाया त्यावर स्पष्ट दिसते. २०१४ या एका वर्षात अशा कथांवरचे अनेक चित्रपट झळकले. त्यांतला एक ज्या कथेवर होता तिच्या नावाचा अर्थ ‘कुरूप मुलीची डायरी’ असा होतो. छापील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर लेखिकांची खाती ज्या टोपणनावांनी होती तीच नावे छापली गेली, कारण वाचक त्यांना त्याच नावांनी ओळखत.

साचा तिथेच थांबला नाही. ग्वी सालुदेस यांची ‘युनिव्हर्सिटी सिरीज’ ही पुढच्या टप्प्याची खूण आहे. तिच्या प्रत्येक भागात मनिलाच्या विद्यापीठांतली एक जोडी असते आणि प्रेमाइतकेच वजन परीक्षा, शिष्यवृत्ती आणि घरच्या अपेक्षांना असते. पहिल्या भागाच्या नावात एस्पान्यामधल्या पावसाचा उल्लेख आहे. तो स्पेन देशाचा पाऊस नाही. एस्पान्या हा सान्तो तोमास विद्यापीठासमोरचा, पावसाळ्यात हटकून पाण्याखाली जाणारा रस्ता आहे. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर ‘हिंदमाता’ म्हटल्यावर जे उभे राहते, तेच तिथल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर या नावाने उभे राहते. ‘द रेन इन स्पेन’ या इंग्रजी वाक्प्रयोगाच्या शब्दांत आपल्या गल्लीतले गुडघाभर पाणी दाखवणारे हे नाव ज्या लेखिकेला सुचले, तिच्या लेखनाला ‘किशोरींचा टाइमपास’ म्हणून बाजूला सारणे हा अन्याय आहे.

या लेखनात शुद्धलेखनाच्या चुका असतात, लांबण असते, उद्धट नायकाच्या दांडगाईला प्रेम समजण्याची घातक सवयही असते. त्यावर टीका झालीच पाहिजे. परंतु ती टीका वाचून झालेली असावी. तिथली बरीच टीका न वाचता झालेली आहे.

इंग्रजीत लिहिलेली फिलिपिनो प्रेमकथा वेगळी मानतात का?

मानतात. तागालोगमध्ये १९८० च्या दशकापासून खिशात मावणाऱ्या स्वस्त प्रेमकथांचा मोठा बाजार होता. इंग्रजीत मात्र प्रेमकथा म्हणजे परदेशी पुस्तक असे समीकरण होते. मीना एस्गेर्रा यांनी २०१३ साली प्रेमकथा लिहायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग घेतला आणि त्यातून ‘रोमान्सक्लास’ हा लेखक-वाचकांचा समूह उभा राहिला. हे लेखक स्वतःच पुस्तके प्रकाशित करतात आणि कलाकारांकडून त्यांतल्या उताऱ्यांची वाचने करवून घेतात. कथेत मनिलाची वाहतूक कोंडी असते, कार्यालय असते, एकत्र कुटुंब असते. शेवट सुखाचा असतो, हा अलिखित करारच आहे.

कॉमिक्स तर तिथे फार जुनी आहेत. मग चित्रकादंबरीला नवी का म्हणायचे?

अगदी योग्य शंका आहे. ‘लिवायवाय’ या १९२२ साली सुरू झालेल्या साप्ताहिकात १९२९ साली ‘केंकोय’ हे पात्र अवतरले आणि १९५० पासून ‘दार्ना’ या वीरनायिकेने घराघरांत ठाण मांडले. तिथे या प्रकाराला ‘कोमिक्स’ असेच लिहितात. ‘सारी-सारी’ म्हणजे गल्लीतल्या किरकोळ मालाच्या दुकानाबाहेर कोमिक्स दोरीवर टांगलेली असत. थोडे पैसे देऊन ती तिथेच बाकावर बसून वाचायची आणि परत करायची. हे मुख्यतः श्रमिकांचे वाचन होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा ओसरला.

नवे आले ते त्यानंतर, छोट्या प्रमाणावर. काही लेखक-चित्रकारांनी फोटोकॉपी करून, टाचण्या मारून आपली पुस्तिका विकायला सुरुवात केली, आणि २००५ पासून ‘कोमिकॉन’ या मेळाव्याने त्यांना दरवर्षीची पेठ मिळवून दिली. त्याच वर्षी लेखक बजेट टान आणि चित्रकार काजो बाल्दिसिमो यांनी ‘त्रेसे’ सुरू केली. तिच्या पहिल्याच प्रकरणात मनिलाच्या बालेते ड्राइव्ह या रस्त्यावर एक मृतदेह सापडतो. या रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांतली बाई दिसते अशी दंतकथा शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणि इथे खून झाला आहे तो त्या भुताचाच. पोलीस हतबल होऊन अलेक्झांड्रा त्रेसेला बोलावतात. खेड्यातल्या वारुळात राहणारा ‘नूनो’ हा बुटका यक्ष या कथांत रस्त्यावरच्या मॅनहोलखाली राहतो आणि खबऱ्याचे काम करतो. लोक खेडे सोडून शहरात आले तेव्हा त्यांची भुतेही पाठोपाठ आली आणि त्यांनीही मिळेल ती जागा धरली, ही कल्पना मला या मालिकेचे सार वाटते. २०२१ साली ‘त्रेसे’ नेटफ्लिक्सवर ॲनिमेशनच्या रूपात आली.

कार्लो व्हेर्गारा यांची ‘झाझा झातुर्ना’ २००२ ची. लहान गावातला आदा हा समलिंगी केशरचनाकार एक भलामोठा दगड गिळतो आणि बलदंड वीरनायिका होतो. दार्नाही खडा गिळूनच बदलते. त्या लाडक्या दंतकथेला व्हेर्गारा यांनी प्रेमानेच उलटे धरले आहे. जेरी आलांगिलान यांची ‘एल्मर’ तिसऱ्याच वाटेने जाते: जगातल्या सर्व कोंबड्यांना अचानक माणसासारखी बुद्धी आणि वाचा येते, आणि एक कोंबडा आपल्या वडिलांची जुनी डायरी वाचत त्या पहिल्या रक्तरंजित दिवसांपर्यंत जातो. कल्पना हसू आणणारी वाटते, परंतु पुस्तक वाचताना हसू लवकरच विरते, कारण आपल्या शेजाऱ्याला माणूस मानायचे की नाही हा प्रश्न त्यात थेट विचारलेला आहे. आलांगिलान २०१९ साली गेले.

भुताखेतांच्या या कथांना विज्ञानकथा म्हणावे, अद्भुतकथा म्हणावे की लोककथा?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ हे व्यापक छत्र पसंत केले. डीन फ्रान्सिस आल्फार यांनी २००५ साली या प्रकाराच्या वार्षिक संकलनाचा पहिला खंड काढला आणि वास्तववादालाच गांभीर्य मानणाऱ्या वातावरणात एका पिढीला हक्काची जागा मिळाली.

अडचण अशी की ज्या समाजात वारुळाजवळून जाताना मोठी माणसेही ‘ताबी-ताबी पो’ म्हणजे ‘बाजूने जातो हं, महाराज’ असे पुटपुटतात, तिथे नूनोला कल्पित कसे म्हणायचे? ‘दिवाता’ म्हणजे रानातली, डोंगरातली शक्ती; शब्द आपल्या ‘देवता’वरून आला, अर्थ तिथल्या मातीत रुजला. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरील लानाव सरोवराकाठच्या मारानाव लोकांत ‘महारादिया लावाना’ ही रामकथेशी नाते सांगणारी कथा आहे; हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकांनी ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस उजेडात आणली. अशा भूमीत अद्भुत हे पळून जाण्याचे ठिकाण नसते.

फिलिपिनो भाषेत याचे उत्तम उदाहरण म्हणजे एडगर कालाबिया सामार यांची किशोरांसाठीची ‘जानुस सिलांग’ मालिका. पहिले पुस्तक २०१४ चे. गावातल्या एका कॉम्प्युटर शॉपमध्ये ऑनलाइन खेळाची स्पर्धा चालू असते आणि खेळणारी मुले मरतात. वाचतो एकटा जानुस. पुढे कळते की खेळातले राक्षस लोककथांतलेच आहेत आणि ते खरे आहेत. ‘तियानाक’, म्हणजे रडणाऱ्या बाळाच्या रूपात माणसाला रानात ओढून नेणारे भूत, पहिल्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

गुन्हेगारी कादंबरी तिथे उशिरा का आली?

गुप्तहेरकथा चालण्यासाठी वाचकाचा एका गोष्टीवर विश्वास लागतो: तपास झाला तर न्याय होतो. हुकूमशाही पाहिलेल्या, पोलिसांकडे जायला घाबरणाऱ्या समाजात तो विश्वास कुठून आणायचा? एफ. एच. बाताकान यांनी यावर शोधलेला उपाय विलक्षण आहे. त्यांच्या कादंबरीतले तपासणीस दोन जेझुइट धर्मगुरू आहेत आणि त्यांतले एक न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ आहेत. मनिलाजवळच्या पायातास या कचऱ्याच्या डोंगरापाशी लहान मुलांचे मृतदेह सापडतात, आणि यंत्रणेतली माणसे मात्र ‘आपल्या देशात असले मालिका-खून होतच नाहीत’ या समजुतीला घट्ट धरून बसतात. या हस्तलिखिताला १९९९ साली पालांका या तिथल्या मानाच्या साहित्य पुरस्कारांतले इंग्रजी कादंबरीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुस्तक २००२ साली छापून आले. मधल्या काळात, जुलै २००० मध्ये, पायातासचा तो ढिगारा खरोखरच कोसळला आणि त्याखाली दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्यानंतर ती कादंबरी कोणालाही निव्वळ रहस्यकथा म्हणून वाचता आली नसेल.

सत्यघटनांवरच्या ललित गद्याला एवढे महत्त्व का मिळाले?

बातमीदार-साहित्यिकाची परंपरा तिथे जुनीच आहे. निक होआकिन ‘किहानो दे मनिला’ या टोपणनावाने साप्ताहिकासाठी जे वृत्तान्त लिहीत, ते आजही गद्याचे आदर्श मानले जातात. २०१६ नंतर अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत रस्त्यारस्त्यांवर माणसे मारली जाऊ लागली आणि या प्रकारावर फार मोठी जबाबदारी येऊन पडली. पॅट्रिशिया एव्हान्हेलिस्ता या पत्रकार रात्रीच्या पाळीत त्या जागांवर जात होत्या. त्यांचे २०२३ चे पुस्तक भाषेचीच तपासणी करते: ‘ठार केले’ याऐवजी सरकारी कागदात कोणता शब्द येतो, तो शब्द वापरणारा माणूस स्वतःला काय समजावत असतो. शांत, लहान वाक्यांत लिहिलेले हे पुस्तक वाचून होईपर्यंत झोप लागत नाही.

समलिंगी लेखनाला स्वतंत्र प्रकार मानतात का?

१९९४ साली जे. नील गार्सिया आणि दांतोन रेमोतो यांनी ‘लाद्लाद’ हे समलिंगी पुरुषांच्या लेखनाचे संकलन काढले, तेव्हापासून मानतात. ‘लाद्लाद’ म्हणजे घडी उलगडून पसरणे. स्वतःची ओळख उघड करण्याला तिथे ‘अंगरखा उलगडणे’ असे म्हणतात. स्त्रियांचे समलिंगी लेखन एकत्र आणणारे, जोआना लिन क्रूझ यांनी संपादित केलेले संकलन २०२१ साली आले. मधली सत्तावीस वर्षे कोणाच्या वाट्याला किती जागा आली ते पुरेसे सांगतात. याच धारेत रिकी ली यांची आमापोलाविषयीची २०११ ची कादंबरी येते: तिचा नायक समलिंगी आहे, मंचावर स्त्रीवेषात गातो, आणि तो ‘मानानांगाल’ आहे, म्हणजे रात्री कमरेपासून तुटून वरचे धड उडवत नेणारे लोककथेतले भूत. दोन तुकड्यांत जगणाऱ्या माणसासाठी याहून नेमकी प्रतिमा परक्या परंपरेत सापडली नसती.

मनिलाबाहेरच्या भाषांत काय घडते आहे?

बरेच काही, आणि माझ्या मते पुढची महत्त्वाची पुस्तके तिथूनच येतील. नागा शहरातून क्रिस्तियान कोर्देरो आणि तिथल्या विद्यापीठाचे प्रकाशनगृह बिकोल भाषेत मूळ लेखन आणि अनुवाद दोन्ही सातत्याने काढतात. मेर्ली आलुनान यांनी २०१५ साली विसायन भाषांतल्या साहित्याचा मोठा संग्रह सिद्ध केला. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने, तिथल्या नावाने ‘योलांदा’ने, ताक्लोबान आणि भोवतालचा किनारा उद्ध्वस्त केला. त्यानंतर वादळ, पूर आणि समुद्र यांविषयी जे लेखन आले त्यातून आपत्तीच्या साक्षीचा एक स्वतंत्र प्रकार घडतो आहे. त्यात कविता, आठवण आणि मृतांची यादी वेगवेगळी काढता येत नाही. ताक्लोबानची भाषा वाराय. ज्या भाषेत आईने लाटेपूर्वी हाक मारली, त्याच भाषेत हे लिहिले जावे, हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे.

मंचावरची कविता आणि रॅपची जुगलबंदी यांचा साहित्याशी काय संबंध?

६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेंतिनो कोल्यांतेस या दोन कवींनी मंचावर समोरासमोर उभे राहून छंदोबद्ध वाद घातला. महाकवी बालाग्तास यांच्या नावावरून या प्रकाराला ‘बालाग्तासान’ म्हणतात. आपल्याकडचा कलगी-तुरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको. २०१० साली ‘फ्लिपटॉप’ ही रॅप-द्वंद्वांची मालिका सुरू झाली आणि तिच्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या; ती सुरू करणारा तरुण प्रसिद्ध कवी आल्फ्रेड युसोन यांचा मुलगा, हा योग सुंदर आहे. दुसरीकडे २०१५ च्या सुमारास हुआन मिगेल सेवेरो यांच्या प्रेमभंगाच्या कवितांनी कॅफेतली कविता दूरचित्रवाणीपर्यंत नेली. मनाच्या तळातून ओढून काढलेल्या अशा ओळीला तिथे ‘हुगोत’ म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘उपसून काढणे’ असा आहे.

भारतातल्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

चित्रे आवडत असतील तर ‘त्रेसे’पासून करावी, तिची आंतरराष्ट्रीय आवृत्ती उपलब्ध आहे. रहस्यकथा आवडत असेल तर बाताकान यांच्या कादंबरीपासून. २०१५ साली अमेरिकेत तिची वाढवलेली आवृत्ती निघाली. गद्याची धार पाहायची असेल तर एव्हान्हेलिस्ता. २०२५ च्या फ्रांकफुर्ट पुस्तक मेळ्यात फिलिपिन्स हा मानाचा पाहुणा देश होता आणि त्या निमित्ताने बरेच अनुवाद पुढे आले, त्यामुळे पुस्तके मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. रिसाल यांची पहिली कादंबरी आधी वाचली तर उत्तमच. नंतरचे बहुतेक लेखक कुठे ना कुठे तिच्याशी बोलत असतात.

मराठीत यांतले आधी काय आणावे?

दाग्ली. एकेक तुकडा पानभराचा असतो, दिवाळी अंकाच्या चौकटीत बसतो, आणि तागालोग जाणणारा एखादा अभ्यासक सोबतीला मिळाला तर दहा-बारा दाग्लींचा अनुवाद एका पावसाळ्यात पुरा होऊ शकतो. वॉटपॅडच्या कथांना टॅगलिशची लय सांभाळणारा अनुवादक लागेल. मराठी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या विशीतल्या मुलामुलींना ते काम वडीलधाऱ्या अनुवादकांपेक्षा अधिक चांगले जमेल. बॉब ओंग यांच्या पहिल्या पुस्तकाचे नाव तेवढे कोणी अनुवादित करू नये. ते देवनागरीत जसेच्या तसे छापावे आणि वाचकाला मोठ्याने वाचायला सांगावे.